वरचा, खालचा आणि वहिनी

मला माझ्या मित्राच्या बायकोचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुणी मला भला माणूस समजून बसेल. हेवा तिच्या रूपाचा नव्हता, दुकानाचाही नव्हता. टीव्हीसमोर माझ्या मित्राच्या शेजारची जी जागा चौदा वर्षं माझी होती ती तिने पटकावली होती, आणि तिथे बसून ती माझ्यापेक्षा चांगली खेळत होती. त्रेचाळीस वर्षांच्या घोड्याने व्हिडिओ गेमवरून असं जळावं का, हे माझ्या बायकोने मला पुष्कळदा विचारलंय. जळू नये, हे मलाही कळत होतं. पण जळत होतो.

हा मित्र म्हणजे वरचा. आम्ही दोघं लिफ्ट दुरुस्त करतो. तो उंच, सडपातळ, पायऱ्या चढताना धाप न लागणारा, म्हणून लिफ्टच्या टपावर आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्याचं काम. मी बुटका आणि अंगाने भरलेला, म्हणून तळाच्या खड्ड्यात माझं. वीस वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आम्ही कामाला लागलो आणि पंधरा दिवसांत आमची नावं पुसली गेली. साहेबसुद्धा फोनवर विचारायचे, ‘वरचा-खालचा निघाले का?’ एकट्या माणसाला बोलावणं आलंय असं कधी झालंच नाही.

वरचा कसा होता ते सांगायला हवं. तो मशीनरूममध्ये बूट काढून जायचा. मोटरला धूळ लागते म्हणायचा, पण मला वाटतं त्याला ती खोली देवघरासारखी वाटत असावी. त्याची सगळी हत्यारं कमरेच्या पट्ट्याला सुतळीने बांधलेली असत, म्हणजे हातातून निसटलं तरी खाली माझ्या टाळक्यात पडायला नको. वीस वर्षांत त्याच्या हातून माझ्यावर एकच वस्तू पडली, ती म्हणजे अर्धं बिस्किट. त्याबद्दल त्याने दोन दिवस माफी मागितली. खोटं बोलायला त्याला जमायचं नाही. बोलायला गेला की कानाची पाळी चोळायचा आणि पकडला जायचा.

आणि आमचा एक नियम होता. लिफ्टच्या उभ्या बोळात दोन माणसं असली की एक टपावर उभा आणि दुसरा त्याच लिफ्टच्या खाली, खड्ड्यात. वर-खाली करायची बटणं टपावरच्याच्या हातात. आमच्या वस्तादाच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, आणि बाकीची दोन कशी गेली ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे त्याचा नियम आम्ही कधी मोडला नाही. टपावरचा म्हणणार, ‘हातभर खाली.’ खड्ड्यातला तेच शब्द परत म्हणणार, ‘हातभर खाली.’ ते कानावर आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. ‘हो’ म्हटलेलं चालत नाही, ‘येऊ दे’ चालत नाही. तेच शब्द परत हवेत. वस्ताद याला शब्द परत करणं म्हणायचा. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली की घरी बायकोने ‘येताना साबण आण’ म्हटलं की मी म्हणायचो, ‘येताना साबण आण.’ लग्नानंतरचं पहिलं वर्षभर तिला वाटत होतं की मी तिला वेडावून दाखवतोय.

सोळा वर्षांपूर्वी मी टीव्हीला जोडायचा एक गेमचा डबा घेतला, आणि त्याच्याबरोबर ‘बोगदा’ नावाचा खेळ. दोघांनी मिळून खेळायचा. एकाच्या हातात दिवा, दुसऱ्याच्या हातात कुदळ. दिवेवाल्याला दिसतं पण खणता येत नाही, कुदळवाल्याला खणता येतं पण दिसत नाही. छत कोसळण्याआधी लाकडाचा बारीक कर्र असा आवाज येतो, पाणी फुटण्याआधी थेंबांचा. तो ऐकून वेळेवर मागे सरकायचं, नाहीतर दोघंही गाडले जातात. दिवा माझ्याकडे, कुदळ वरच्याकडे. कामावर तो वर असला तरी बोगद्यात मी पुढे असायचो, आणि ते मला फार आवडायचं.

आमची अडचण एकच होती. आम्ही तिथेही शब्द परत करायचो. मी म्हणणार, ‘दोन पावलं डावीकडे.’ वरचा म्हणणार, ‘दोन पावलं डावीकडे,’ आणि मग बोट हलवणार. तेवढ्यात छत डोक्यावर. जे प्रकरण लोक एका दुपारी पार करतात त्याला आम्हाला पाच रविवार लागायचे. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. खेळ संपला तेव्हा ती शाळेत जायला लागली होती. बायको म्हणायची, इतक्या वेळात तुम्ही खरा बोगदा खणला असता. पण नियम मोडायचं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. खेळाच्या शेवटी दिवा विझतो, अंधारात कुणाचा तरी हात पुढे येतो आणि पडद्यावर येतं, ‘पुढचा भाग लवकरच’. त्या लवकरची आम्ही वर्षानुवर्षं वाट पाहत राहिलो. मधल्या काळात दुसरे खेळ आले नि गेले, रविवारी सकाळी वरचा माझ्याकडे यायचा तो येतच राहिला, आणि करायला नवं काही नसलं की आम्ही पुन्हा ‘बोगदा’ लावायचो.

मग त्याने लग्न केलं, तेही बेचाळिसाव्या वर्षी.

एका इमारतीच्या लिफ्टमधला आरसा तडकला होता. वरचा मापं घेऊन काचेच्या दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, माप चुकलं, परत जातो. तिसऱ्या दिवशी परत. वीस वर्षांत ज्याचं सूतभर माप चुकलं नाही, तो एका आरशासाठी चार वेळा दुकानात गेला आणि मला संशय आला नाही. हा माझा मूर्खपणा. काच कापणारी बाई त्या दुकानाची मालकीणच होती. सहा महिन्यांत ती माझी वहिनी झाली. मी लग्नात भरपूर हसलो आणि घरी येऊन पलंगावर पालथा पडलो.

वहिनी सुरुवातीला नुसती बघायची. रविवार आता त्यांच्या घरी असायचा, कारण तिथे नवा टीव्ही होता, नवा डबा होता आणि जुना ‘बोगदा’ त्या डब्यावरही चालायचा. ती मागे खुर्चीवर बसून काचेच्या तुकड्यांच्या कडा घासत असायची. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी चहा घ्यायला उठलो, तेव्हा म्हणाली, “भाऊजी, मी धरू का जरा?” मी मोठ्या मनाने कंट्रोलर दिला. चहा संपेपर्यंत तिने ते प्रकरण पार केलं होतं. ज्याला आम्हाला पाच रविवार लागले होते, तेच प्रकरण. मी कप घेऊन उभाच राहिलो.

तिची पद्धतच वेगळी. काचेवर रेघ एकदाच ओढतात. दुसऱ्यांदा ओढली की काच वेडीवाकडी फुटते. ती खेळायचीही तशीच. ती शब्द देत नव्हती, परत मागत नव्हती. छत कर्र वाजलं की वरच्याच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायची, आणि वरचा तत्काळ मागे सरकायचा. बस्स. ना डावीकडे, ना उजवीकडे. ती दोन बोटं माझ्या डोळ्यांत अशी खुपायची की विचारू नका. माणसांदेखत काय हे लाड, असं मी मनात म्हणायचो. आणि त्याहून खोल, जिथे मी स्वतःलाही जाऊ देत नव्हतो तिथे म्हणायचो, की चौदा वर्षं शब्द परत करून जे आम्हाला जमलं नाही ते हिला न बोलता जमतंय.

त्यानंतर दिवा हळूहळू तिच्याकडे गेला. कुणी काढून घेतला नाही. ‘वहिनी, तुम्ही खेळा,’ मी म्हणायचो, ‘नाही, तुम्हीच खेळा,’ ती म्हणायची, आणि तिसऱ्यांदा तिने ‘बरं’ म्हटलं. मी खुर्चीवर आलो.

मग मला तिचं सगळंच खटकायला लागलं. तिने टीव्हीवर बोललेलं अक्षरांत दिसेल अशी सोय चालू केली. ‘छत करकरतंय’ असं खाली लिहून यायचं. मी म्हटलं, वहिनी, यात गंमत काय राहिली? ती म्हणाली, आम्हाला आवडतं. आम्हाला! टीव्हीचा आवाज ती इतका मोठा ठेवायची की शेजारी भिंत ठोकायचे. एकदा तर दारापर्यंत मला पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, “भाऊजी, त्याच्याशी जरा मोठ्याने बोलत जा.” मला काय झोंबलं ते! वीस वर्षं मी त्या माणसाशी लिफ्टच्या बोळात चार-चार मजले ओलांडून बोलतोय, आणि ही मला बोलायला शिकवणार. घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

माझी बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर काचपट्टीवर डोळा लावून बसते, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “याला सवतीमत्सर म्हणतात.” मी चिडलो. ती म्हणाली, चिड, पण औषध नाही यावर. मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिने मान वर न करता विचारलं, बाबा, मग तू पहिली का दुसरी? घरात आठवडाभर तोच विनोद चालला.

कामावर वरचा बदलला होता, हे मात्र खरं. माझ्या विनोदांवर तो एक क्षण उशिरा हसायचा. फोन वाजला की मला द्यायचा, ‘तूच बोल, माझे हात बरबटलेत.’ जेवताना काही सांगायला लागलो की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा, आणि तरी भलतंच उत्तर द्यायचा. मी निष्कर्ष काढला की लग्न झालं की मित्र संपतो. असे निष्कर्ष काढायला मला वेळ लागत नाही.

अशात ‘बोगदा’च्या दुसऱ्या भागाची तारीख आली. सोळा वर्षांनी! आम्ही जेवणाच्या सुट्टीत मशीनरूममध्ये बसून फोनवर त्याची जाहिरात तीनदा पाहिली. जाहिरातीखाली जगभरच्या पन्नाशीला टेकलेल्या लोकांनी लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, गुडघे गेलेत, बोटं शिल्लक आहेत, येतोय. वरचा खूप हसला, अगदी वेळेवर हसला, कारण तो वाचत होता. पण हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की आपला माणूस परत आला.

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारलंच. दिवा कोण घेणार? तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “तुझाच की. मी कुदळ, तू दिवा. रविवारी सकाळी, पहिल्यापासून.” वहिनी? ती बघेल म्हणाला. त्या आठवड्यात मी खड्ड्यात शीळ घालत काम केलं. बायकोसाठी न सांगता साबण आणला.

खेळ शुक्रवारी बाहेर पडला. शनिवारी दुपारी मी घरी गेमचा डबा लावला. खेळायला नाही, नुसतं बघायला, कारण त्यावर मित्रमंडळी काय करतायत ते दिसतं. माझ्या यादीत मित्र एकच आहे. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बोगदा दोन, प्रकरण तिसरे, दोन खेळाडू’.

प्रकरण तिसरे. म्हणजे कालपासून चाललं होतं. मी त्या ठिपक्याकडे किती वेळ बघत बसलो ते आठवत नाही. प्रकरण चौथं लागलं तेव्हाही मी तिथेच होतो. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. मला एकट्याला फसवायला दोन माणसं लागली, आणि दोघंही माझी. बायको म्हणाली फोन करून विचार. मी म्हटलं, मी भीक मागणार नाही.

रविवारी मी पोट बिघडल्याचं कळवलं. वरच्याने दोनदा निरोप पाठवला, वाट बघतोय, पहिल्यापासून लावून ठेवलंय. पहिल्यापासून! म्हणजे आता हा माझ्यासमोर पहिल्यांदाच खेळत असल्याचं नाटक करणार, आणि कानाची पाळी चोळत बसणार. मी फोन बंद करून ठेवला.

सोमवारी आम्हाला एका दवाखान्याच्या सात मजली इमारतीत जायचं होतं. लिफ्ट तळाशी येताना घासल्यासारखा आवाज करत होती. वरच्याने गाडीत पोट कसं आहे विचारलं. मी म्हटलं, ठीक. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा ठीक म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. मला त्याला दुखवायचं होतं. कसं ते अजून सुचलं नव्हतं.

तो टपावर चढला. मी खड्ड्यात उतरलो. खड्ड्यात शिडीजवळ एक लाल बटण असतं, ते दाबून ठेवलं की लिफ्ट जागची हलत नाही. लिफ्ट हलवायची वेळ आली की खालच्याने ते सोडायचं. मी ते सोडलं आणि तळाच्या जाड स्प्रिंगवर बसून वर बघायला लागलो. लिफ्टचा तळ माझ्या डोक्यापासून वीतभर वर होता. अशा वेळी खालच्याने आधी सरकून कोपऱ्यात जायचं असतं, मग शब्द परत करायचे असतात. वरून त्याचा आवाज आला. “हातभर खाली.”

आणि मला सुचलं, की शब्द परत करायचेच नाहीत.

यात मला काही धोका दिसला नाही. उलट हीच तर गंमत होती. मी बोलेपर्यंत तो हलूच शकत नव्हता. एक मिनिट, दहा मिनिटं, तासभर, तो वर बटणावर बोट धरून माझी वाट बघणार. कधी नव्हे ती त्याला माझी वाट बघावी लागणार. मी तेलाचा डबा मांडीवर घेतला आणि गप्प बसलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटत होतं.

दोन श्वास झाले असतील. मग वर मोटर सुरू झाली आणि लिफ्ट खाली यायला लागली.

दुरुस्तीच्या वेळी लिफ्ट हळू चालते म्हणून मी आज हे सांगायला आहे. मान खांद्यात घालून मी बाजूला कोसळलो, पाय झाडला आणि तो लाल बटणाला लागला. लिफ्ट थांबली तेव्हा तिच्या तळाची पट्टी माझ्या कानाला घासून टेकली होती. डबा उपडा झाला होता आणि मी तेलात पडलो होतो. वरून वरच्याचा आवाज आला, अगदी रोजचा, निवांत. “काय रे, बटण का दाबलंस?”

मी बाहेर आलो. तो टपावरून उतरून जिन्यात आला आणि माझे कपडे बघून त्याचा चेहरा उतरला. मी विचारलं, “मी शब्द परत केले?”

“केलेस की,” तो म्हणाला. “हातभर खाली म्हणालास.”

“मी काही बोललो नाही.”

“मी ऐकलं,” तो म्हणाला. तो कानाची पाळी चोळत नव्हता. त्याने खरंच ऐकलं होतं. वीस वर्षं त्याच्या शब्दांपाठोपाठ माझे शब्द येत होते, दोन श्वासांनी, त्याच जागी, त्याच आवाजात. कान थकल्यावर ती जागा त्याच्या डोक्याने भरून काढली होती. मी बोललो काय आणि न बोललो काय, त्याला माझा आवाज येतच होता.

मी तोंडावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, तुला किती दिवसांपासून ऐकू येत नाही. त्याने विचारलं, काय म्हणालास? मग त्याला कळलं की मी तोंड का झाकलंय. तो पायरीवर बसला. म्हणाला, डावा कान गेल्याच वर्षी गेला, उजवा निम्मा राहिलाय, मशीनरूमच्या आवाजाने जातो म्हणाला डॉक्टर. पण आपलं काम चाललं होतं ना, म्हणाला. तुझे शब्द मला येत होते. मग माझ्या तेलकट बाहीला हात लावून म्हणाला, “कुणाला सांगू नकोस.”

मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याला गाडीत बसवून घरी पाठवलं आणि तसाच तेलाने माखलेला चालत काचेच्या दुकानात गेलो. अंगात नुसती आग होती, आणि खोटं कशाला बोलू, ती आगही हेव्याचीच होती. मी मरता मरता वाचलो होतो, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. वीस वर्षं मी त्याच्या आवाजावर जीव टाकून खड्ड्यात बसलो, आणि त्याला ऐकू येत नाही हे मला नाही, हिला कळलं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या बाईला. आणि तिने ते स्वतःजवळ ठेवलं.

ती मोठ्या टेबलावर काच अंथरून उभी होती. मी दारातूनच सगळं सांगितलं, पट्टी कानाला कशी टेकली तेसुद्धा. तिने हातातली काच कापायची हिरकणी बाजूला ठेवली. तोंडावरचा रंग गेला होता. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. ती म्हणाली, मी तुम्हाला दारात सांगितलं होतं, मोठ्याने बोलत जा. मी म्हटलं, ते सांगणं झालं? आणि शुक्रवारपासून दोघं गुपचूप खेळत बसलात, ते काय होतं?

“पाठ करत होता तो,” ती म्हणाली.

मला कळलं नाही.

“नव्या भागात आवाज कुठे कुठे येतात ते त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही दिवा धरणार, तुम्ही बोलणार, आणि त्याला कळणार नाही. तुमच्यासमोर अडखळायचं नव्हतं त्याला. म्हणून मी शेजारी बसून खुणा करत होते आणि तो कागदावर लिहून घेत होता. दोन दिवस जेवणाचीही शुद्ध नव्हती त्याला. का, तर रविवारी भाऊजी येणार.”

ती हातमोजे काढत होती आणि एक मोजा निघत नव्हता. तिने तो दाताने ओढला. “मी चार महिने मागे लागलेय. म्हटलं, ऑफिसात सांगून मोकळा हो, वर्कशॉपमध्ये टेबलावरचं काम देतील. जीव सांभाळ, त्यांचा तरी सांभाळ. भांडले, रडले. तर म्हणतो, मग जोडी तुटेल. दुसरा खालचा नको मला. मी इकडे घरात बसलेय, आणि याला दुसरा खालचा नको!” तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली, कारण रोज दाढी करताना ती मला आरशात दिसायची. “तुमच्यापुढे माझं काही चाललं नाही, भाऊजी. कधीच नाही.”

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सुरुवात तशी केली आहे तर शेवटही तसाच करतो. मला आनंद झाला. तेलाने चिकटलेल्या कपड्यांत, कानामागे रक्त आलेलं असताना, त्या रडवेल्या बाईसमोर उभं राहून मला इतका आनंद झाला की मी टेबलाची कड धरली. म्हणजे तो माझाच होता. ज्यासाठी मी दोन वर्षं जळत होतो ते माझ्यापाशीच होतं. ते तसंच माझ्यापाशी राहावं म्हणून मी काहीही न बोलता घरी जाऊ शकलो असतो, आणि मंगळवारी खड्ड्यात उतरू शकलो असतो, जरा मोठ्याने ओरडत. तो विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला.

मग मी तिथूनच साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बोल खालच्या, झालं का दवाखान्याचं?

“साहेब,” मी म्हणालो, “आमची जोडी फोडा.”

त्यांना वाटलं आमचं भांडण झालंय. मी म्हटलं, नाही, आणि खरं कारण सांगितलं, सगळं, माझं गप्प बसणं धरून. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, उद्या त्याला खाली वर्कशॉपला पाठव, तुला दुसरा माणूस देतो. मी ते शब्द परत केले. उद्या त्याला खाली वर्कशॉपला पाठव, मला दुसरा माणूस द्या.

वहिनीने मला स्टूल दिलं आणि पुसायला जुनं फडकं दिलं. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं, खिडकीच्या काचेचं माप घेऊन. तिने त्याला तासाभराने यायला सांगितलं.